दिल्लीचा बाजारहाट : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या आधी जुन्या दिल्लीच्या बाजारांवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा पत्रांना या वेळी उत्तरं देते. नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. १९८९ मध्ये लग्न होऊन मी सांगलीहून दिल्लीला आले. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा पंचवीस वर्षांहून जास्त संसार झाला, आता मयूर विहारला असतो. बाजार मला कुणी शिकवला नाही. पिशवी घेऊन चालत चालत शिकले.

मुलगी नॉयडाला असते. जानेवारीत तिचं बाळंतपण आहे, मी महिनाभर आधी जाणार. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, वर्षाचा गोडा मसाला हे सगळं तिकडेच करावं म्हणते. सामान साताऱ्याहून न्यावं की तिकडे मिळेल? मसाल्याचा मोठा बाजार आहे म्हणतात, तिथे मला एकटीला जमेल का?
– एक आई, सातारा

ताई, साताऱ्याहून आमसुलं आणि गोडंबी तेवढी न्या. बाकी सगळं खारी बावलीत मिळेल, आणि एकटीला नक्की जमेल.

नॉयडाहून मेट्रोच्या ब्लू लाइनने राजीव चौकला या. तिथे यलो लाइन पकडली की तिसरं स्टेशन चांदनी चौक. बाहेर पडून फतेहपुरी मशीद विचारा. मशिदीच्या शेजारून जो रस्ता पुढे जातो तो खारी बावली. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिचं पाणी खारं होतं म्हणून हे नाव. विहीर कधीच बुजली, नाव राहिलं.

माझी पहिली फेरी १९९० च्या जानेवारीतली. सासूबाईंनी पत्रातून गोड्या मसाल्याची यादी पाठवली होती. मी पहिल्या दुकानात म्हटलं, 'दगडफूल है?' दुकानदाराने मान हलवली. दुसऱ्याने हलवली, तिसऱ्याने तर वर बघितलंही नाही. मागून पल्लेदार पाठीवर पोती घेऊन 'हटो, हटो' करत चाललेले, हवेत मिरचीचा खाट, डोळ्यांतून पाणी. परत फिरावं असं वाटायला लागलं. चौथ्या दुकानात मी आपला शब्दाला शब्द लावून म्हटलं, 'वो पत्थर का फूल होता है ना...' आणि तो म्हातारा दुकानदार एकदम उठला. आतून एक पोतं ओढून आणलं, तोंड सोडलं आणि मूठभर दगडफूल माझ्या तळहातावर ठेवलं. एक बाजू राखाडी, दुसरी काळी, कागदासारखं हलकं. 'मसल के सूँघो,' म्हणाला. चुरडलं, तर आमच्या सांगलीच्या माजघराचा वास आला. तेव्हापासून मी एकच नियम पाळते. बाजारात जाण्याआधी वस्तूचं तिथलं नाव माहीत करून घ्यायचं. नाव बरोबर घेतलं की दुकानदार ओळखतो, या बाईला माल कळतो. मग तो चांगला माल काढतो.

म्हणून ही नावं वहीत उतरवून घ्या. दगडफुलाला इथे पत्थर के फूल किंवा छड़ीला म्हणतात. तमालपत्र म्हटलेलं बऱ्याच जणांना कळत नाही, तेजपत्ता म्हणा. जायपत्री म्हणजे जावित्री, मसाला वेलची म्हणजे बड़ी इलायची, सुकं खोबरं म्हणजे गोला. नागकेशर, दालचिनी, खसखस यांची नावं जवळपास तीच आहेत. लाडवांसाठी खारीक म्हणजे छुहारा, सुंठ म्हणजे सोंठ, आणि अळीव म्हणजे हालों. कुणी हालिमही म्हणतं.

डिंकाच्या बाबतीत मात्र जपा. नुसतं 'गोंद' म्हटलं आणि दुकानात गर्दी असली, तर हातात गोंद कतीरा पडू शकतो. तो अगदी वेगळा. पाण्यात भिजवला की फुगून लिबलिबीत होतो, उन्हाळ्यात सरबतात घालतात. तुपात टाकला तर फुलतच नाही. माझ्या शेजारणीचा अख्खा घाणा त्यापायी वाया गेला होता. तुम्ही 'लड्डू वाला गोंद, कीकर का' असं म्हणा. घरी आणल्यावर आधी दोन खडे तुपात टाकून बघा. लाहीसारखे फुलले आणि बोटाने दाबल्यावर आतपर्यंत चुरा झाला, की मग सगळा तळायला घ्या.

काजूचं गणित समजून घेतलंत तर पैसे वाचतील. पाटीवर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा काजू, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती काजू बसतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. लाडवात काजू कुटूनच घालायचे असतील तर १८० चे घेऊन काय करायचं? 'टुकड़ा' मागा. चव तीच, भाव बराच कमी. भाव मी मुद्दाम लिहीत नाही. मसाल्याचे आणि मेव्याचे भाव आठवड्यातही हलतात. तीन दुकानांत विचारलं की त्या दिवसाचा भाव तुम्हाला आपोआप कळेल.

रस्त्याच्या तोंडावरची दुकानं पाव किलोही देतात. आतल्या गदोदिया मार्केटात ठोक व्यापार चालतो, तिथे थोडक्या मालासाठी कुणी थांबत नाही. तरी त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकदा जाऊन या. खाली चौकात मिरच्यांची पोती पसरलेली दिसतात. नाकाला पदर लावून जा, खोकल्याने जीव जातो. केशर घ्यायचं तर दोन काड्या कोमट पाण्यात टाकून बघायला मागा. खऱ्या केशराचा पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लालभडक झालं आणि काडी फिकी पडली तर ठेवून द्या. दुकानदार बघू देत नसेल तर त्याच्याकडे केशर घेऊच नका.

आम्ही शनिवार ते सोमवार दिल्लीत आहोत. कुठला बाजार कधी बंद असतो?
– एक वाचक, नाशिक

चांदनी चौक, खारी बावली, कनॉट प्लेस आणि खान मार्केटला रविवारची सुट्टी. सरोजिनी नगर, लाजपत नगर, करोल बाग सोमवारी बंद. तेव्हा शनिवारी जुनी दिल्ली, रविवारी सरोजिनी नगर किंवा लाजपत नगर (गर्दी प्रचंड असेल, सकाळीच जा) आणि सोमवारी दिल्ली हाट हा कारागिरांचा बाजार असं ठरवा. दिल्ली हाट रोज उघडं असतं. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तोही शनिवारीच बघून घ्या.

मुलाच्या लग्नात विहीणबाईंना आणि त्यांच्या जावांना पश्मिना शाली द्यायच्या आहेत. जनपथवर खूप स्वस्त मिळतात असं ऐकलं. घ्याव्यात का?
– एक वाचक भगिनी, नागपूर

पश्मिना म्हणून घेऊ नका.

मी १९९२ मध्ये सासूबाईंसाठी अशीच एक शाल घेतली होती. दुकान चांगलं चकचकीत, माणूस गोड बोलणारा. त्याने शाल अंगठीतून ओढून दाखवली आणि मी भुलले. सासूबाईंनी ती पहिल्यांदा धुतली आणि अंगभर गोळे आले. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, आल्यागेल्यांसमोर तीच शाल पांघरत राहिल्या. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. पातळ कापड कुठलंही असो, अंगठीतून जातं. त्याने काही सिद्ध होत नाही.

खरा पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावरच्या आतल्या लवीचा असतो. त्याचा तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या पाचव्या भागाइतका बारीक. काश्मीरमध्ये बायका तो चरख्यावर हाताने कातायच्या आणि अजूनही कातात. काश्मीर पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तपासून दिलेल्या शालीला तसं लेबल असतं. एवढ्या हातांतून गेलेली वस्तू रस्त्यावर ढिगाने आणि मातीमोलाने मिळणं शक्य नाही. जनपथवरच्या शाली बहुतेक व्हिस्कोस नाहीतर ॲक्रिलिकच्या. दिसायला छान आहेत, स्वतःला वापरायला खुशाल घ्या, पण त्यांना पश्मिना म्हणून मान देऊ नका.

घरी असलेली शाल तपासायची असेल तर गोंड्याचा एकच धागा काढून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिकचा वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो.

तुमच्या कामासाठी माझा सल्ला असा. बाबा खडकसिंग मार्गावर बऱ्याच राज्यांची एम्पोरियम, म्हणजे हस्तकलेची सरकारी दुकानं, ओळीने आहेत. हिमाचलच्या एम्पोरियममध्ये कुल्लूच्या लोकरी शाली बघा, काठाला रंगीत भौमितिक पट्टे असलेल्या. भाव ठरलेला असतो, पावती मिळते, आणि शाल वीस वर्षं टिकते. विहिणीला 'ही कुल्लूची लोकर आहे' असं मोकळ्या मनाने सांगता येईल. रविवारी मात्र तिथे जाऊ नका. जाताना वाटेतल्या हनुमान मंदिरासमोर बांगड्यावाल्या बसतात. विहिणींचा चुडा तिथेच होईल.

काकू, मी पुण्याहून इंटर्नशिपसाठी दिल्लीला आले आहे. सरोजिनीमध्ये घासाघीस कशी करायची? मला लाज वाटते, आणि मग मैत्रिणी म्हणतात की मी फसले.
– एक वाचक, सध्या दिल्ली

अगं, लाज वाटते ते चांगलंच आहे. सरोजिनी नगरमध्ये तोंडाने घासाघीस करणाऱ्यापेक्षा डोळ्यांनी माल बघणाऱ्याला स्वस्त मिळतं. माझ्या मुलींचे सगळे कपडे तिथले. क्वार्टरच्या गच्चीवरून बाजाराचा आवाज यायचा.

तिथे येणारा बराचसा माल परदेशी जायचा राहिलेला असतो. कधी ऑर्डर रद्द झाली म्हणून, कधी जास्तीचा शिवला म्हणून, आणि कधी तपासणीत नाकारला म्हणून. नाकारला का, ते तुला शोधायचं आहे. ढिगातून कपडा काढलास की आधी तो उलटा कर. बगलेची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघ. चेन तीन वेळा वर-खाली कर. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून लांबी जुळते का बघ, एक बाही बोटभर आखूड निघते कितीदा तरी. मग दुकानाच्या पिवळ्या दिव्यातून बाहेर उन्हात ये आणि डाग शोध. दोष सापडला तर दुकानदाराला शांतपणे दाखव, 'भैया, ये देखो, सिलाई खुली है.' भाव तोच कमी करेल. दोष नसेल आणि भाव पटला तर देऊन टाक.

ज्या ढिगावर पोरं 'दो सौ, दो सौ' ओरडत असतात तिथे घासाघीस करत नाहीत, त्याचा भाव तोच. टांगलेल्या मालाचा भाव कमी होतो. तुला ती वस्तू जेवढ्याला घ्यावीशी वाटते तेवढा आकडा एकदाच सांग आणि त्यावर राहा. आणि हे लक्षात ठेव, सकाळच्या पहिल्या विक्रीला इथे 'बोहनी' म्हणतात, आपली भवानी. बोहनीच्या वेळी भाव पाडायला लावून, तो 'हो' म्हणाल्यावर वस्तू टाकून निघून जायचं नाही. त्या माणसाला ते दिवसभर लागतं. भवानीवर आपल्याकडेही लोकांची श्रद्धा असते, तूच बघितलं असशील.

दिल्ली हाटमध्ये हे सगळं बदलतं. १९९४ मध्ये ते सुरू झालं, कारागिरांनी दलालाशिवाय थेट विकावं म्हणून. गाळे पंधरा-पंधरा दिवसांनी बदलतात. आता तिथे व्यापारीही शिरलेत, ही खंत आहे. म्हणून समोरच्याला विचार, 'ये आप बनाते हो? कैसे बनता है?' कारागीर असेल तर त्याचा चेहरा उजळतो, हात हलायला लागतात, तो तुला विणून दाखवतो. कारागिरांना सरकारकडून 'पहचान' कार्ड मिळतं, तेही विचारता येतं. खऱ्या कारागिराशी मी घासाघीस करत नाही. परवडत नसेल तर लहान वस्तू घेते.

मुलगा यूपीएससीच्या तयारीसाठी ओल्ड राजिंदर नगरला राहायला जातोय. थंडीचं अंथरूण-पांघरूण आणि जुनी पुस्तकं कुठे घ्यावीत? आमची ऐपत बेताची आहे.
– एक वडील, लातूर

भाऊ, अंथरुणाचा बोजा लातूरहून पाठवू नका. आपल्या पातळ गोधडीवर दिल्लीचा जानेवारी निघत नाही. रात्रीचा पारा काही दिवस पाच अंशांच्या खाली जातो आणि भाड्याच्या खोलीत ऊन येईलच असं नाही.

त्याला कापसाची रजई भरून घ्यायला सांगा. दिवाळीनंतर गल्लोगल्ली रुई पिंजणारे बसतात, आपले पिंजारी. एकट्यासाठी दोन ते अडीच किलो रुई पुरते. 'देसी रुई' म्हणून मागावी. राखाडी, रंगीत धाग्यांचे तुकडे असलेली दिसली तर ती चिंध्या पिंजून केलेली असते, एका हंगामात तिचे गोळे होतात. समोर बसून वजन करून घ्यावं आणि खोळ शिवेपर्यंत तिथून उठू नये. तयार रजईच्या आत काय भरलंय ते दिसत नाही. आठवड्यातून एकदा रजईला ऊन दाखवलं की ती पुन्हा फुगते. बादली, चहाचं पातेलं, मोजे, भाजी यांसाठी मोठ्या बाजारात जायची गरज नाही. दिल्लीत वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळी आठवडी बाजार भरतात आणि वारावरून त्यांची नावं असतात, सोम बाजार, बुध बाजार, शनि बाजार. जवळचा कुठला ते घरमालकीण सांगेल.

पुस्तकांसाठी रविवारी सकाळी मेट्रोने दिल्ली गेटला उतरून महिला हाट गाठायचं. दर्यागंजच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं भरणारा रविवारचा पुस्तक बाजार २०१९ मध्ये तिथे हलवला. काही विक्रेते किलोवर पुस्तकं देतात. एनसीईआरटीची जुनी पुस्तकं, ॲटलास, इतिहासाची जाड पुस्तकं मिळतात. घेताना आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष बघायला सांगा. २०२२ पासून एनसीईआरटीच्या पुस्तकांतून बरेच धडे कमी झालेत. इतिहासाला जुनी आवृत्ती उलट उपयोगी पडते, पण अर्थशास्त्र आणि राज्यघटनेला नवीनच लागते. नवीन पुस्तकं नई सड़कला, ती चांदनी चौकातच आहे आणि रविवारी बंद असते.

त्याला पहिल्या महिन्यात फार काही घेऊ देऊ नका. परीक्षा देऊन परत जाणारी मुलं टेबल, कूलर, पुस्तकांचे संच निम्म्या भावात देऊन जातात. त्यात आपलीही मुलं भरपूर असतात. त्यांच्याशी ओळख होऊ द्या.

आई ७६ वर्षांची, निवृत्त इतिहास शिक्षिका. गुडघे दुखतात, पण 'चांदनी चौक एकदा बघायचाच' म्हणते. नेता येईल का?
– एक मुलगा, कोल्हापूर

जरूर न्या, आणि आधीपेक्षा आता सोपं झालंय. २०२१ मध्ये लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा जवळजवळ १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधला. सकाळी ९ ते रात्री ९ त्यावर मोटारी आणि स्कूटर येऊ देत नाहीत. बसायला दगडी बाक केलेत. मंगळवार ते शुक्रवारातला दिवस घ्या, अकराच्या सुमाराला दुकानं उघडत असतात तेव्हा. मेट्रोच्या लाल किला स्टेशनला उतरा. चावड़ी बाज़ार स्टेशन फार खोल आहे, आईंना तिथून नेऊ नका. बाहेर सायकल रिक्षा मिळते, तिचा भाव चढण्याआधीच ठरवा आणि 'धीरे चलाना, माताजी हैं' एवढं सांगा.

आईंना सांगायला हवं असं नाही, पण तुम्ही विचारा म्हणजे त्या बोलतील. हा चौक शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने १६५० मध्ये वसवला. दरीबा कलाँच्या तोंडाशी रिक्षा थांबवा. ही चांदीची गल्ली. पानिपतच्या आधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली होती, कारण फौजेला द्यायला पैसे नव्हते. तो किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दरीब्यात उभं राहिलं की मला दर वेळी ते आठवतं, आणि घशाशी काहीतरी येतं. चांदी घेतलीत तर हॉलमार्क बघून घ्या आणि मजुरी वेगळी विचारा.

त्याच गल्लीत अत्तराची जुनी दुकानं आहेत. तिथे 'मिट्टी का इत्र' मागा. कनौजला भाजलेल्या मातीपासून काढतात, पहिल्या पावसाचा वास असतो त्याला. सासूबाईंना मी अशीच एकदा रिक्षाने नेलं होतं. त्या खाली उतरल्याच नाहीत. दुकानातला मुलगा रिक्षापर्यंत आला, काडीने अत्तराचा एक ठिपका त्यांच्या मनगटावर लावला, मी कोपऱ्यावरून गरम जिलबी आणली. पानाच्या द्रोणात जिलबी आणि नाकाशी मनगट धरून त्या बराच वेळ तशाच बसून होत्या. रिक्षावाल्यानेही घाई केली नाही.